'सहापट वेगाने' पसरणारी खोटी बातमी: एका गाजलेल्या पेपरची उलटतपासणी

समाजमाध्यमांवरच्या अफवा, खोटे फोटो, फेक न्यूज यांपैकी कुठल्याही विषयावरचा सिनॉप्सिस उघडा. पहिल्या-दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य हमखास भेटतं: 'संशोधनातून सिद्ध झाले आहे की खोटी बातमी खऱ्या बातमीपेक्षा सहापट वेगाने पसरते.' कंसात संदर्भ असतो, सायन्स, २०१८. कार्यशाळांच्या स्लाइडवर हेच, वर्तमानपत्रातल्या लेखात हेच, आणि व्हायवाला विचारलं की तोंडपाठ उत्तरही हेच.

आता बघा, ज्या विषयाचं पहिलं सूत्र 'पुढे पाठवण्याआधी तपासा' असं आहे, त्या विषयातलं हे वाक्य आपण किती जणांनी तपासलंय? मूळ पेपर उघडून 'सहापट' हा शब्द नेमका कशाबद्दल आहे, हे किती जणांनी वाचलंय? म्हणून आज या वाक्याला आपण एखाद्या व्हायरल फोटोसारखं वागवू. फोटोबद्दल आपण तीन प्रश्न विचारतो: मूळ कुठलं? कशाचं? आणि जे सांगितलं जातंय ते त्यातून खरंच दिसतं का? पेपरलाही हेच विचारायचं.

एक आधीच स्पष्ट करतो. हा पेपर वाईट नाही. मेहनतीने केलेलं, आपल्या मर्यादा स्वतः सांगणारं काम आहे. माझी तक्रार पेपरशी थोडी आणि तो न वाचता वापरण्याच्या सवयीशी जास्त आहे.

मूळ पेपरात काय आहे?

सरूश वसूघी, देब रॉय आणि सिनान अरल हे एमआयटीचे तीन संशोधक. मार्च २०१८ मध्ये 'सायन्स'मध्ये त्यांचा पेपर आला. ट्विटरच्या सुरुवातीपासून म्हणजे २००६ पासून २०१७ पर्यंतचा डेटा त्यांना मिळाला होता. त्यातून त्यांनी सुमारे १ लाख २६ हजार साखळ्या काढल्या. साखळी म्हणजे काय, तर कुणीतरी एक ट्वीट केलं, ते दुसऱ्याने रीट्वीट केलं, त्याचं तिसऱ्याने, असं झाडासारखं पसरत गेलेलं एक प्रकरण. सुमारे ३० लाख लोक, ४५ लाखांहून जास्त वेळा केलेला प्रसार. आकडे दडपून टाकणारे आहेत, यात वाद नाही.

निष्कर्ष असे: असत्य ठरलेले दावे जास्त लांब, जास्त खोल आणि जास्त लवकर पोचले. १,५०० लोकांपर्यंत पोचायला सत्य दाव्यांना असत्य दाव्यांच्या साधारण सहापट वेळ लागला. असत्य दावा रीट्वीट होण्याची शक्यता ७० टक्क्यांनी जास्त होती. आणि सर्वांत रंजक गोष्ट म्हणजे बॉट खाती बाजूला काढली तरी चित्र बदललं नाही. म्हणजे हे यंत्रांचं नाही, माणसांचं काम.

इथपर्यंत सगळं बरोबर. 'सहापट' कुठून आलं तेही कळलं. पण ते १,५०० लोकांच्या एका टप्प्यापर्यंतच्या वेळेबद्दल आहे. खोटं सहापट लोकांपर्यंत पोचतं, सहापट लोकांना पटतं किंवा प्रत्येक खोटी बातमी प्रत्येक खऱ्या बातमीच्या सहापट वेगाने जाते, यातलं काहीही पेपर म्हणत नाही. आपल्या सिनॉप्सिसमध्ये मात्र हे सगळे अर्थ एकाच वाक्यात कोंबलेले असतात.

गाळणीतून काय आत आलं?

आता मेथडॉलॉजी वाचू. पीएचडीला येणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला एक सवय लावून घ्यावी: ॲबस्ट्रॅक्ट वाचून झालं की निष्कर्षाकडे उडी मारायची नाही, आधी डेटा कुठून आला ते बघायचं.

संशोधकांनी सहा तथ्यतपासणी संस्था घेतल्या. स्नोप्स, पॉलिटिफॅक्ट, फॅक्टचेक डॉट ऑर्ग वगैरे. सगळ्या इंग्रजीत काम करणाऱ्या, बहुतेक अमेरिकेतल्या. मग ट्विटरवर असे रिप्लाय शोधले, ज्यांत कुणीतरी या संस्थांच्या लेखाची लिंक दिली होती. त्या रिप्लायवरून मागे जाऊन मूळ ट्वीट पकडलं आणि तिथून साखळी उभी केली.

या गाळणीचा विचार करा. अभ्यासात यायचं असेल तर दावा आधी कुणाला तरी संशयास्पद वाटला पाहिजे, मग संस्थेने तो तपासायला घेतला पाहिजे, मग कुणीतरी त्या तपासणीची लिंक ट्वीटखाली चिकटवली पाहिजे. 'आज कोयना धरणातून पाणी सोडलं' अशी सरळ बातमी या गाळणीतून आत येईल का? कोण कशाला तिच्याखाली तपासणीची लिंक टाकेल? म्हणजे डेटात जे 'सत्य' आहे ते रोजच्या बातम्यांचं सत्य नव्हे. ते आधी खोटं वाटलेलं आणि तपासल्यावर खरं निघालेलं सत्य आहे.

आता संख्या बघा. सव्वा लाख साखळ्या ऐकून वाटतं, केवढा डेटा! पण या साखळ्या एकूण २,४४८ दाव्यांच्या आहेत. त्यातले १,६९९ असत्य, २५९ संमिश्र आणि ४९० सत्य. बारा वर्षांचं ट्विटर आणि सत्याच्या बाजूने उभे ४९० दावे! एकाच दाव्याच्या अनेक साखळ्या असतात, म्हणून आकडा फुगतो. तुमच्या प्रश्नावलीत ५० प्रश्न आणि १०० प्रतिसादक असतील तर तुम्ही 'माझा नमुना ५,००० चा' असं म्हणाल का? गाइड म्हणू देतील का?

लेखकांना ही अडचण माहीत होती. म्हणून त्यांनी तथ्यतपासणी संस्थांनी न तपासलेल्या सुमारे १३ हजार साखळ्यांचा वेगळा संच घेतला, त्या तीन विद्यार्थ्यांकडून तपासून घेतल्या आणि कल तसाच दिसला. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण हा दुसरा संचही अफवा ओळखणाऱ्या अल्गोरिदमने निवडलेला होता. गाळणी बदलली, गाळलेला माल मात्र पुन्हा 'अफवा' याच जातीचा. तेव्हा पेपर ज्याची तुलना करतो ते वादग्रस्त दाव्यांतलं खरं आणि वादग्रस्त दाव्यांतलं खोटं. शीर्षकात मात्र 'सत्य आणि असत्य बातम्या' असं सुटसुटीत येतं. पेपरात 'बातमी'ची व्याख्या 'काहीही ठामपणे सांगणारा दावा' इतकी सैल केलेली आहे, पण व्याख्या आतल्या पानावर असते आणि लोक शीर्षक घेऊन जातात.

त्याच डेटावर दुसरा हिशेब

२०२१ मध्ये योनास जूल आणि योहान उगँडर यांनी पीएनएएस या नियतकालिकात याच डेटाचा पुन्हा हिशेब मांडला. त्यांचा मुद्दा साधा आहे, आणि साधा आहे म्हणूनच चटकन लक्षात येत नाही.

समजा तुम्ही पुण्याची आणि एखाद्या छोट्या गावाची तुलना केली. पुण्यात रस्ते लांब, चौक जास्त, गल्ल्या जास्त. त्यावरून 'पुणेकरांना गल्ल्या बांधायची विशेष हौस आहे' असा निष्कर्ष काढला तर? गल्ल्या जास्त आहेत कारण शहर मोठं आहे. हौसेबद्दल बोलायचं तर तेवढ्याच आकाराच्या दुसऱ्या शहराशी तुलना करा.

जूल आणि उगँडर यांनी हेच केलं. समान आकाराच्या असत्य आणि सत्य साखळ्या घेऊन तुलना केली. मग काय दिसलं? साखळ्यांच्या रचनेतले जे फरक आधी नोंदवले गेले होते ते जवळजवळ सगळे 'असत्य साखळ्या मोठ्या असतात' एवढ्या एका गोष्टीने समजावता आले. म्हणजे खोट्याची चालण्याची पद्धत वेगळी नाही. ते एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाण्याची शक्यता थोडी जास्त, म्हणून साखळी मोठी होते, आणि साखळी मोठी झाली की बाकीचं आपोआप मोठं दिसतं.

हा फरक केवळ आकडेमोडीचा नाही. खोट्याची चाल वेगळी असती तर केवळ साखळीचा आकार बघून, मजकूर न वाचता, खोटं पकडणारं यंत्र बनवता आलं असतं. चाल सारखीच असेल तर त्या आशेचा पाया ठिसूळ होतो. याच विषयावर मशीन लर्निंगचं काम करू पाहणाऱ्यांनी २०१८ चा पेपर वाचून २०२१ चा सोडला तर दोन-तीन वर्षं चुकीच्या दिशेने जाऊ शकतात. आपल्याकडे रिव्ह्यू ऑफ लिटरेचर म्हणजे 'अमुक यांनी असे म्हटले, तमुक यांनी तसे म्हटले' अशी यादी झालेली आहे. कुणाचं म्हणणं पुढे कुणी तपासलं, हे त्यात नसतंच.

फोटोला 'खरा' म्हणायचं की 'खोटा'?

पेपरवरचा माझा मोठा आक्षेप मात्र वेगळा आहे. तो सत्य-असत्य या दोन खणांबद्दल आहे. (संमिश्र हा तिसरा खण आहे, पण मुख्य निष्कर्ष पहिल्या दोनांवरच उभे आहेत.) दाव्याला हे खण कसेबसे चालतात. चित्राला चालत नाहीत.

तीन उदाहरणं घ्या. सप्टेंबर २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत पाकिस्तानच्या प्रतिनिधी मलिहा लोधी यांनी जखमी चेहऱ्याच्या मुलीचा फोटो उंचावून दाखवला आणि तो काश्मीरमधला असल्याचं सुचवलं. फोटो होता गाझामधला, २०१४ चा. त्याच वर्षी आपल्या केंद्रीय गृहमंत्रालयाच्या वार्षिक अहवालात भारताच्या सीमेवरची प्रकाशयोजना म्हणून छापलेला फोटो स्पेन आणि मोरोक्कोच्या सीमेवरचा निघाला. आणि २०१८ मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीचा पुरावा म्हणून देशभर फिरलेला व्हिडिओ कराचीतल्या बालसुरक्षेच्या जनजागृतीपटाचा होता. मूळ फिल्ममध्ये मोटारसायकलवरचे लोक मुलाला परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. तेवढा शेवटच कापलेला.

यातला खोटा फोटो कुठला? मुलीच्या जखमा खऱ्या. सीमेवरचे दिवे खरे. कराचीतलं चित्रण अभिनयाचं, पण त्यातही कुणी काही 'बनवलं' नव्हतं, फक्त कापलं होतं. तिन्ही ठिकाणी असत्य चित्रात नाही, चित्र आणि ओळ यांच्या जोडणीत आहे. म्हणून 'फोटो खरा आहे का' हा प्रश्नच अपुरा आहे. 'हा फोटो, या ओळीसाठी, पुरावा आहे का' हा खरा प्रश्न.

तुम्ही उद्या फोटोंवर काम करणार असाल तर कोडिंग शीट बनवताना एकच 'खरं/खोटं' रकाना ठेवू नका. निदान चार ठेवा: चित्रात फेरफार आहे का, ठिकाण सांगितलेलंच आहे का, वेळ सांगितलेलीच आहे का, आणि चित्रातून काढलेला अर्थ चित्रात बसतो का. पाचवा रकाना 'ठरवता आलं नाही'. हा पाचवा रकाना भरायला लाजू नका, तोच तुमच्या प्रामाणिकपणाचा पुरावा.

तपासताना गूगल लेन्स, टिनआय अशा उलट चित्रशोधाने सर्वांत जुनी आवृत्ती शोधा. व्हिडिओ असेल तर त्यातल्या चौकटी वेगळ्या काढून शोधा, त्यासाठी इनव्हिडसारखी साधनं आहेत. फाइलच्या मेटाडेटावर फार विसंबू नका, कारण व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातून ती माहिती निघून जाते. आणि काय शोधलं, कुठल्या तारखेला, कुठल्या साधनाने, हे वहीत लिहा. सापडलेलं पान वेबॅक मशीनवर साठवा. उद्या परीक्षकाने 'हे कसं ठरवलंत' विचारलं तर 'सर, बघून कळतं' हे उत्तर नव्हे. उलट शोधात काहीच सापडलं नाही, म्हणजे फोटो खरा, असंही नव्हे. नवा किंवा एआयने बनवलेला फोटो जुना सापडणार कसा?

राईनपाड्यात हे वाक्य कुठे बसतं?

१ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेकरी. त्या आठवड्यांत मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे मेसेज व्हॉट्सॲपवर सर्वत्र फिरत होते.

आपल्याकडे हा विषय महत्त्वाचा का आहे, याचं उत्तर राईनपाडा आहे. आणि इथेच 'सहापट'चं वाक्य तोकडं पडतं. ते ट्विटरवरचं आहे, जिथे प्रत्येक रीट्वीट दिसत होतं आणि मोजता येत होतं. व्हॉट्सॲपवर मजकूर कूटबद्ध असतो, साखळी बाहेरून दिसतच नाही. ते मुख्यतः अमेरिकी संस्थांनी तपासलेल्या इंग्रजी दाव्यांबद्दल आहे, इथला मजकूर मराठी, हिंदी, अहिराणी. हे सगळं झालं मर्यादा म्हणून लिहिण्यासारखं. पण त्याहून खोल गोष्ट अशी की वेग मोजणारं मॉडेल अफवा *कुणावर* जाऊन बसते हे विचारतच नाही. मेसेज कितीतरी गावांत पोचले होते. मारले गेले ते भटक्या समाजातले परके लोक. भटक्यांकडे संशयाने बघणं व्हॉट्सॲपहून कितीतरी जुनं आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर अनेक जमातींवर जन्मानेच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला होता. हा संशय कुठल्या साखळीत मोजणार?

प्रश्न वेगाचा मानला की उपायही वेगाचाच सुचतो. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा आणण्याचं जाहीर केलं. मर्यादा चांगलीच आहे, ती नको असं कोण म्हणेल? पण तेवढ्यावर प्रश्न सुटला असं मानणं म्हणजे गवताला आग लागल्यावर फक्त वाऱ्याचा अभ्यास करणं. गवत वाळलं कशाने, हेही कुणीतरी शोधायला हवं, आणि ते समाजशास्त्र, इतिहास, मराठी, पत्रकारिता अशा विभागांतल्या आपल्यासारख्यांचं काम आहे.

दुसरा उपाय प्रशिक्षणाचा. त्याबद्दलही एक भारतीय प्रयोग वाचाच. सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ च्या निवडणुकीच्या वेळी बिहारमध्ये बाराशेहून जास्त लोकांवर प्रयोग केला. घरी जाऊन सुमारे तासाभराचं प्रशिक्षण, त्यात उलट चित्रशोधही शिकवलेला. सरासरी परिणाम? खोटी बातमी ओळखण्याच्या क्षमतेत लक्षणीय फरक नाही, आणि एका पक्षाच्या समर्थकांत तर आपल्या बाजूची खोटी बातमी ओळखणं उलट कमी झालं. नंतर त्यांच्यासह चौघांनी बिहारमध्येच सुमारे साडेतेरा हजार विद्यार्थ्यांवर अनेक आठवड्यांचे वर्ग घेऊन मोठा प्रयोग केला, तेव्हा मात्र फरक पडला आणि तो काही महिने टिकला. म्हणजे साधन तासाभरात शिकवता येतं, सवय नाही. कॉलेजांत एका दुपारच्या सत्राचे फोटो काढून 'जनजागृती झाली' म्हणणाऱ्यांनी हे दोन्ही पेपर शेजारी ठेवून वाचावेत.

मग लिहायचं कसं?

स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी एक छोटा अभ्यास केला होता. १० व्यावसायिक तथ्यतपासनीस, १० पीएचडीधारक इतिहासकार आणि २५ विद्यार्थी यांना अनोळखी वेबसाइट पारखायला दिल्या. इतिहासकार फसले, तपासनीस फसले नाहीत. कारण इतिहासकार पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत बसले. तपासनिसांनी लगेच ते पान सोडलं आणि दुसऱ्या टॅबमध्ये या पानाबद्दल इतर लोक काय म्हणतात ते बघितलं. आपल्याला ही गोष्ट टोचायला हवी, कारण पीएचडी करताना आपण नेमकी इतिहासकारांची सवय कमावत असतो. ती सवय सोडायची नाही, तिला दुसरी जोडायची. पेपर वाचा आणि पेपर सोडून बाहेरही पडा. गूगल स्कॉलरवर पेपरखाली 'साइटेड बाय' असतं, त्यात जाऊन कोणी विरोधात काय लिहिलंय ते शोधा. २०२१ चा पेपर असाच सापडतो.

सिनॉप्सिसमधलं ते वाक्य काढून टाकायची गरज नाही, नीट लिहायची गरज आहे. उदाहरणार्थ असं:

'वसूघी, रॉय आणि अरल (२०१८) यांनी तथ्यतपासणी संस्थांनी पडताळलेल्या दाव्यांचा ट्विटरवरील प्रसार अभ्यासला. त्यात असत्य ठरलेले दावे सत्य ठरलेल्या दाव्यांपेक्षा अधिक लोकांपर्यंत आणि अधिक लवकर पोचल्याचे आढळले. प्रसाराच्या रचनेतील फरक मुख्यतः साखळ्यांच्या आकारामुळे दिसतात, असे जूल आणि उगँडर (२०२१) दाखवतात. बंद गटांमधून फिरणाऱ्या मराठी मजकुराला आणि चित्रांना हे निष्कर्ष कितपत लागू होतात, हा प्रस्तुत संशोधनाचा प्रश्न आहे.'

लांब झालं, मान्य. 'सहापट'सारखा जोर त्यात नाही. पण शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. गाइडला दाखवायला जी 'रिसर्च गॅप' तुम्ही महिनोन् महिने शोधत होतात, ती तिथे आहे. मूळ पेपर नीट वाचल्यावर ती आपण होऊन वर आली.

तुमच्या सिनॉप्सिसमधली अशी आणखी दोन वाक्यं निवडा, जी तुम्ही दुसऱ्याच्या प्रबंधातून उचलली आहेत आणि ज्यांचा मूळ पेपर अजून उघडलेला नाही. या आठवड्यात ती तपासा. डेटा कुठून आला, किती दाव्यांचा, आणि नंतर कोणी काय म्हटलं, एवढं प्रत्येकी अर्ध्या पानात लिहा. दुसऱ्या प्रकरणाचं काम तिथूनच सुरू झालेलं असेल.